अर्धं पाऊल मागे

बुधवार, ४ ऑक्टोबर

"स्वेच्छेने यायचंय आणि सगळ्यांनी यायचंय," असं साहेब म्हणाले, तेही हसू न येऊ देता. मग काय, गेले.

गेल्या वर्षी आमच्या थर्मास कंपनीने एका शाळेची भिंत रंगवली. त्याच्या आदल्या वर्षी तीच भिंत दुसऱ्या कुठल्यातरी कंपनीने रंगवली होती. मुलांना बिचाऱ्यांना वर्षभर 'ओल्या रंगाला टेकू नका' एवढंच ऐकावं लागतं. यंदा भिंत नाही, माणसं. गावातल्या बऱ्याच कंपन्यांनी मिळून एका संस्थेला मदत द्यायची आणि कर्मचाऱ्यांनी दर बुधवारी दुपारी एकेकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना तळ्याकाठी फिरवून आणायचं, असं ठरलंय.

संस्थेच्या बाई गळ्यात शिट्टी घालून फिरतात, म्हणून त्यांना मी शिट्टीबाई म्हणणार. त्या प्रत्येक कंपनीत स्वतंत्रपणे जाऊन शिकवतात. सोमवारी आमच्या जेवणघरात त्यांनी नियम सांगितले. खरी नावं सांगायची नाहीत, टोपणनाव घ्यायचं, म्हणजे नातं बरोबरीचं राहतं. कंपनीचा, संस्थेचा विषय चुकूनसुद्धा काढायचा नाही. समोरच्याला आपण कुणाच्या उपकारावर फिरतोय असं वाटता कामा नये. वाद घालायचा नाही, आजारपण विचारायचं नाही, खेळात हरवायचं नाही. आणि चालताना नेहमी अर्धं पाऊल मागे राहायचं. पुढे गेलात तर ते धापा टाकत तुमच्या मागे येतील. हे त्यांनी टेबलांच्या मधून चालून दाखवलं. टोपणनाव विचारलं तेव्हा मी वैतागून हातात होतं ते सांगितलं, 'थर्मास'. त्यांनी गंभीरपणे लिहून घेतलं.

ओळख पटावी म्हणून फिरवणाऱ्याला एक पिवळी छत्री आणि फिरणाऱ्यालाही एक पिवळी छत्री. आज दुपारी नौकाघरापाशी पिवळ्या छत्र्यांचा नुसता बाजार भरला होता. शिट्टी वाजली, जोड्या जमत गेल्या, पांगल्या. शेवटी दोनच छत्र्या उरल्या. एक माझी. दुसरी एका टकल्या, उंच गृहस्थांची. शिट्टीबाईंनी लांबूनच हात हलवला, म्हणजे निघा.

"मी कप्तान," ते म्हणाले. "थंडी नाही ना वाजत तुम्हाला?"

मी तेच विचारणार होते. एवढ्या वयात समोरच्याची काळजी करतात, बघून बरं वाटलं.

रविवार, ८ ऑक्टोबर

लेकीचा फोन. तिने तिच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी रिकामी केली आहे. भिंतीला कुठला रंग देऊ, विचारत होती. म्हटलं, भिंतींचा विषय नको.

डिसेंबरअखेर मी निवृत्त होणार. तीस वर्षं थर्मासच्या तपासणीत काढली. सकाळी उकळतं पाणी भरायचं, झाकण लावायचं, संध्याकाळी किती गरम राहिलंय ते बघायचं. म्हणजे तीस वर्षं मी पाणी गार व्हायची वाट बघत बसले. आता हे घर सोडून तिकडे ये, असं लेक म्हणते. जावई भला माणूस आहे, नातवंडं गोड आहेत, खोलीला खिडकीसुद्धा आहे. सगळं खरं. पण मला जायचं नाही, आणि का नाही ते नीट सांगता येत नाही.

"तिथे तुझ्याकडे बघायला कोण आहे?" असं ती दर रविवारी विचारते.

"मला काय धाड भरलीय?" मी म्हणाले. "मीच आता लोकांकडे बघायला जाते. दर बुधवारी." तिला वर्ष संपायच्या आत उत्तर हवंय, म्हणजे त्या खोलीचं काय करायचं ते तिला ठरवता येईल.

फोन ठेवल्यावर रेडिओ लावला. बातम्यांतला माणूस उद्या ऊन पडेल म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू मागच्या आठवड्यातही हेच म्हणालास.

बुधवार, ११ ऑक्टोबर

कप्तानांना चालायला फार त्रास होतो. मी नियमाप्रमाणे अर्धं पाऊल मागे राहिले, तर ते आणखी हळू झाले. मग मीही झाले. ते आणखी. शेवटी आम्ही इतके हळू चाललो होतो की एक बदक आमच्या पुढे निघून गेलं, वळून आमच्याकडे बघितलंही त्याने. कप्तान एकदा तर एक पाय उचलून तसेच उभे राहिले. कुठे दुखत असेल, देव जाणे. आजारपण विचारायचं नाही असा नियम, म्हणून गप्प बसले.

त्यांना ऐकूही कमी येत असावं, कारण ते फार मोठ्याने बोलतात. मीही मग आवाज चढवला. त्यांनी आणखी चढवला. "पाणी छान आहे!" "हो, फार छान आहे!" असं आम्ही ओरडत होतो. बाकावरच्या एका बाईने बाळाच्या कानावर हात ठेवले.

मी मुद्दाम एक गोष्ट तपासून बघितली. मी थर्मासमधून चहा काढला तर त्यांनीही थर्मास काढला, दुसऱ्या कंपनीचा. त्यांच्या पेल्याला बोट लावून बघितलं, चहा माझ्या चहापेक्षा कोमट होता. बोलले नाही. गपचूप त्यांच्या पेल्यात माझा थोडा ओतला.

बुधवार, २५ ऑक्टोबर

नौकाघराच्या ओसरीवर बुद्धिबळाचा पट ठेवलेला असतो. आज खेळलो. हरवायचं नाही, हे लक्षात होतंच. पण कप्तानांची समज पार गेली आहे. त्यांनी वजीर उचलला आणि सरळ माझ्या प्याद्याच्या माऱ्यात आणून ठेवला. मला तो घ्यावा तर लागेल, आणि घेतला तर ते हरतील. मी न बघितल्यासारखं करून दुसरीकडे घोडा हलवला, तोही असा की त्यांनी मारावा. मारला नाही! उलट आपला हत्ती माझ्या उंटाच्या तोंडाशी आणला. तासभर आम्ही एकमेकांसमोर सोंगट्या वाढून ठेवत होतो आणि कुणीही जेवत नव्हतं. अंधारून आलं तेव्हा डाव तसाच ठेवून उठलो.

निघताना ते म्हणाले, "उद्या सकाळी लवकर कामावर जायचंय." बिचाऱ्यांना वाटतं की ते अजून नोकरी करतात. मी मान डोलावली, "हो, हो, जायचं हं." मग बोलण्याच्या ओघात माझ्याही तोंडून निघालं, की मलाही सकाळी लवकर हजर व्हायचंय. त्यांनी माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं, आणि माझ्या हातावर हलकंसं थोपटलं. "जायचं, जायचं," म्हणाले. "घाई करू नका हं."

गोड माणूस आहे.

गुरुवार, २ नोव्हेंबर

काल लिहायचं राहिलं. घरी आले आणि कोट न काढता खिडकीपाशी बसले ती बसलेच.

काल तळ्यावर धुकं होतं. इतकं, की पलीकडचा काठ नव्हताच. बांधलेल्या नावा अर्ध्या दिसत होत्या, दोर पाण्यात जाताना दिसत होता आणि मग कुठेच जात नव्हता. आम्ही नेहमीसारखे हळू चाललो होतो, पण काल ते हळू वाटलं नाही. काल सगळंच तसं होतं. एक पान झाडावरून निघालं ते खाली येईपर्यंत आमचं एक वाक्य बोलून झालं. दिवे लवकर लागले आणि धुक्यात नुसते पिवळे गोळे लोंबत राहिले. आमच्या छत्र्याही पिवळ्या. लांबून कुणी बघितलं असतं तर चालणारे दोन दिवे वाटले असते.

त्यांनी सांगितलं, त्यांना पाण्याची भीती वाटते. लहानपणापासून. नावेत कधी पाय ठेवला नाही. "मग कप्तान नाव कशाला घेतलंत?" मी विचारलं. म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी असावं म्हणून. तुम्हीच पहिल्या विचारणाऱ्या."

माझे हे गेल्याला चार वर्षं झाली. त्यांच्याबरोबर मी नेहमी भरभर चालायचे, कारण ते भरभर चालायचे. बाजार, दवाखाना, पाहुणे, सगळं भरभर. शेवटी गेलेही तसेच. मला तळं कधी दिसलंच नव्हतं, मी त्याच्या काठाने नुसती गेले होते. हे मी कप्तानांना सांगितलं. ओरडून नाही, हळू सांगितलं, आणि त्यांना सगळं ऐकू आलं.

रात्री स्वप्नात तळ्याला काठ नव्हता आणि तरी आम्ही चालतच होतो. पाय ओले होत नव्हते. ते विचारत होते, थंडी नाही ना वाजत? सकाळी कामावर उकळतं पाणी भरताना वाफेत परत तेच धुकं दिसलं. शेजारची म्हणाली, "अहो बाई, थर्मास कधीचा भरलाय, खाली सांडतंय."

बुधवार, २२ नोव्हेंबर

मध्ये दोन बुधवार असेच सुखाचे गेले, लिहिण्यासारखं काही नाही. बदकं ओळखू लागली आहेत.

आज मात्र बाकावर बसल्यावर कप्तान म्हणाले, मुलगा समुद्रापलीकडे असतो, तो कायमचं तिकडे बोलावतोय. मी उगीच थर्मासचं झाकण घट्ट केलं.

"मग?" मी विचारलं.

"नाही म्हणून सांगितलं. इथे माझ्यावर एक जबाबदारी आहे. मी गेलो तर त्या जिवाला कोण आहे?"

मला हायसं वाटलं, आणि मग वाटलं, कसली जबाबदारी? मांजर असावं. एकटी माणसं मांजरं पाळतात आणि त्यांच्यात जीव गुंतवतात. "खायला वेळेवर मिळतं ना त्या जिवाला?" मी चौकशी केली. ते जरा गोंधळले. "मला वाटतं मिळत असावं," म्हणाले, आणि खिशातून एक संत्रं काढून मला सोलून दिलं.

रविवार, २६ नोव्हेंबर

लेकीला सांगून टाकलं. येत नाही.

"अगं पण का?"

"एक म्हातारे गृहस्थ माझ्यावर अवलंबून आहेत. मी गेले तर त्यांचं चालणं बंद पडेल. समज कमी झालीय त्यांची, ऐकू येत नाही, पाय ओढतात. त्यांना सोडून मी तुझ्या खिडकीत बसू?"

ती म्हणाली, "आई, आणि तुझ्याकडे बघायला?" परत तेच. मी म्हटलं, तवा तापलाय, ठेवते. गॅस बंदच होता.

किती हलकं वाटलं. इतके दिवस नीट कारण सापडत नव्हतं, आता सापडलं. मनापासून सांगायचं तर कंपनीची मी आभारी आहे.

बुधवार, १३ डिसेंबर

आज उपक्रमाचा शेवट होता. जे झालं ते लिहिताना कानशिलं तापताहेत. पण लिहिते.

नौकाघरावर एवढा मोठा फलक बांधला होता की मागचं तळं दिसेना. सगळ्या कंपन्यांचे साहेब आले होते. आज एकत्र फोटो काढायचा म्हणून आम्हा कर्मचाऱ्यांना आपापल्या कंपनीचे सदरे घालून यायला सांगितलं होतं. सगळ्यांना एकच माप. माझा गुडघ्यापर्यंत आला, वरून कोट घातला म्हणून निभावलं. शिट्टीबाई ओरडत होत्या, "आपले ज्येष्ठ मित्र पुढे खुर्च्यांवर! कर्मचारी मागे पायऱ्यांवर!"

मी कप्तानांचा हात धरला आणि त्यांना खुर्चीपाशी नेलं. त्यांनीही माझं कोपर धरलं होतं. खुर्चीपाशी पोचल्यावर दोघंही थांबलो.

"बसा," मी म्हणाले.

"बसा ना तुम्ही," ते म्हणाले.

"अहो, ही तुमची खुर्ची."

"नाही हो, तुमचीच. मला वर उभं राहायचंय."

वाद घालायचा नाही, हा नियम. मी गोड हसले, त्यांना तिथे सोडून पायऱ्या चढू लागले, तर तेही माझ्यामागे चढायला लागले. भरभर! पाय उचलून, धडधाकट माणसासारखे! "अहो, पडाल!" मी म्हणाले. "तुम्ही पडाल!" ते म्हणाले. वरच्या पायरीवर पोचलो आणि फोटोवाला ओरडला, "कोट काढा सगळ्यांनी!" मी काढला. माझ्या छातीवर थर्मास. त्यांनी काढला. त्यांच्या छातीवर लिफ्ट, आणि खाली त्यांच्या कंपनीचं नाव.

आम्ही एकमेकांच्या छातीकडे बघत उभे असतानाच फोटो निघाला. पुढे ओळीत दोन खुर्च्या रिकाम्या.

शिट्टीबाई धावत आल्या. मग सगळं उलगडलं. माझ्या वाट्याच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी निरोप पाठवला होता की त्यांना फिरायला अजिबात वेळ नाही, पण तो शिट्टीबाईंपर्यंत पोचलाच नव्हता. कप्तानांच्या वाट्याच्या आजी कुणाला न कळवता बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. शिट्टीबाई छत्र्या मोजायच्या, आणि छत्र्या नेहमी जोडीनेच दिसायच्या. "पण तुम्हा दोघांपैकी एकालाही कळलं नाही?" त्यांनी विचारलं. साहेब हसून हसून खोकायला लागले.

मी कोट उचलला आणि चालायला लागले. मागे वळून बघितलं नाही. भरभर चालले.

गुरुवार, १४ डिसेंबर

अडीच महिने! अडीच महिने तो माणूस मला लुळीपांगळी समजत होता. माझ्या हातावर थोपटत होता. केस पांढरे आहेत म्हणून काय झालं, चाळिशीतच झालेत ते, आणि मी रंग लावत नाही तो माझा स्वभाव. मला बहिरी समजला! माझ्यासमोर वजीर टाकत होता, दया म्हणून!

आणि मी त्यांना काय समजत होते, ते मात्र लिहायला नको.

संध्याकाळी राग ओसरला आणि खाली जे उरलं ते रागापेक्षा वाईट होतं. कुणी माझ्यावर अवलंबून नव्हतं. ते धडधाकट आहेत, नोकरी करतात, पायऱ्या चढतात. मी नसले तरी त्यांचं चालणं बंद पडणार नाही. इथे राहायला मला एक सुरेख कारण मिळालं होतं, तेही गेलं.

लेकीला फोन केला. म्हटलं, येते. खोलीला फिकट निळा दे.

ती आनंदाने ओरडली. नातवंडांना हाका मारल्या. मी फोन धरून बसले होते आणि मला रडू येत होतं. रेडिओ लावला, पण आज त्याच्याशी बोलायलाही नको वाटलं.

बुधवार, २० डिसेंबर

छत्र्या परत करायच्या होत्या. नौकाघराच्या दाराशी पिंप ठेवलंय, त्यात टाकून जा, असा निरोप होता. कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम आपल्या नेहमीच्या वेळेलाच गेले. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

पिंप पिवळ्या छत्र्यांनी भरलं होतं. फलक काढून नेला होता, म्हणून तळं परत दिसत होतं. धुकं होतं. पिंपाशेजारी कप्तान उभे होते, छत्री हातातच.

"ठेवली नाहीत?" मी विचारलं.

"तुमची आत आहे का ते बघत होतो."

मी माझी पाठीमागे धरली.

"तुम्हाला राग आलाय," ते म्हणाले. आता ते साध्या आवाजात बोलत होते. छान आवाज आहे, इतके दिवस ओरडण्यात वाया गेला.

"आलाय."

"मलाही आलाय. तुम्ही मला मांजराबिंजराचं जेवण विचारत होतात, ते मला काल रात्री कळलं."

मला हसू फुटलं. मग त्यांनाही. बदकं लांब सरकली. हसणं थांबल्यावर ते पाण्याकडे वळले.

"मुलाला आता काय सांगू?" ते म्हणाले. "त्याला म्हटलं होतं, इथे एक आजी आहेत, त्यांना माझ्याशिवाय कुणी नाही."

"आजी?"

"तसं समजत होतो. चूक झाली." मग हळूच म्हणाले, "लिफ्ट तपासायला दिवसभर माणसांमध्ये असतो. पण लिफ्टमध्ये सगळे वर आकड्यांकडे बघत उभे राहतात. बुधवार सोडला तर माझ्याशी कुणी बोलत नाही. ते कंपनीत सांगायचं कसं? म्हणून मी फिरवणाऱ्यांत नाव दिलं."

मला उत्तर द्यायचं होतं की माझं तसं नाही. मला लेक आहे, जावई आहे, मला काय धाड भरलीय. तोंड उघडलं आणि भलतंच निघालं.

"मी घरी रेडिओला उत्तरं देते," मी म्हणाले. "बातम्यांतल्या माणसाला."

ते हसले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली, आणि मला मोकळं वाटलं. म्हटलं, जरा चालू या.

निघालो, आणि दोघंही सवयीने मागे राहिलो. कुणीच पुढे जाईना. तिथल्या तिथे उभे.

"आता नियम नाहीत," ते म्हणाले. "मागे कोण राहणार?"

"तुम्ही राहा," मी म्हणाले. "आज मला मागे कुणीतरी हवंय."

मी पुढे निघाले. दोर, नावा, दिव्यांचे गोळे, सगळं जागेवर होतं. अर्धं पाऊल मागून त्यांची पावलं येत होती. मी वळून बघत नव्हते, बघायची गरजच नव्हती. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला मी थांबले, ते पुढे गेले, आणि परतीच्या वाटेवर मी मागे राहिले. ओसरीवर आमचा तो जुना डाव कुणीतरी आवरून ठेवला होता. आम्ही नवा मांडला. त्यांनी मला सरळ हरवलं, आणि मला फार आनंद झाला.

घरी येऊन लेकीला फोन केला. म्हटलं, निळा रंग दिलास का? अजून नाही, म्हणाली. म्हटलं, मग राहू दे. सुट्टीत पाहुणी म्हणून येईन, कायमची नाही.

"आई, आता काय झालं? ते म्हातारे गृहस्थ परत?"

"ते म्हातारे नाहीत. आणि ते माझ्यावर अवलंबून होते असं मी म्हणत होते ना, ते अर्धंच खरं होतं."

"म्हणजे? मला काही कळत नाही. एवढंच सांग, तिथे तुझ्याकडे बघायला कोण आहे?"

"आहेत एक," मी म्हणाले. "अर्धी फेरी ते माझ्याकडे बघतात, अर्धी फेरी मी त्यांच्याकडे."

मग तिने विचारलं, भिंत रंगवायचीच नाही का? मी म्हटलं, भिंतींचा विषय नको. छत्री दाराशी उघडून वाळत ठेवली आहे.